अर्ध्या सेकंदाचा नियम

गुरुवार, १ सप्टेंबर. संध्याकाळ.
आजपासून रोजनिशी. सूड घ्यायचा तर तारीखवार नोंदी हव्यात.

आजची नोंद: अपमान. जागा: आमच्या अम्मानच्या ऑफिसची मीटिंगची खोली. साक्षीदार चौदा.

चार महिन्यांपूर्वी इर्बिदहून आलेल्या रुदैनाने सगळ्यांसमोर स्क्रीनवर माझं टेबल उघडून दाखवलं. दहा हजार ओळी भरल्या आणि शेजारी स्टॉपवॉच लावलं. अकरा सेकंद लागले. आठव्या सेकंदाला मागून कुणीतरी मयताला म्हणतात तशी फातिहा पुटपुटायला लागलं. चौदा जण हसले. मी मोजले.

अरे, आमची लायब्ररी म्हणजे काय? दुसऱ्या कंपन्यांचे प्रोग्रामर आपल्या स्क्रीनवर बसवतात ती बटणं, तारखेचे चौकोन, टेबलं. बटण कुणीही करील. टेबल मी केलं. सहा वर्षांपूर्वी, एकट्याने.

आणि नेमकं आत्ताच! महिनाअखेरीस आमचे साहेब अबू निझार लायब्ररीचा प्रमुख नेमणार आहेत. त्या खुर्चीसाठी मी सहा वर्षं थांबलोय.

ठराव:
१. रुदैनाशी बोलणं बंद. कामापुरतंसुद्धा.
२. लायब्ररीतलं तिने केलेलं तारखांचं कॅलेंडर माझ्या टेबलापेक्षा मंद आहे हे चौदा जणांसमोर सिद्ध करणे.
३. हे सगळं हसऱ्या चेहऱ्याने.

रविवार, ४ सप्टेंबर. दुपार.
आठवड्याचा पहिला दिवस. अबू निझारना सांगितलं, मी टेस्टिंगचं यंत्र उभारतो. कुणीही कोड बदलला की प्रत्येक कंट्रोलचा, म्हणजे बटण, कॅलेंडर, टेबल जे असेल त्याचा, वेग आपोआप मोजला जाईल, सर्वात मंद कंट्रोल लिहिणाऱ्याचं नाव स्वयंपाकघराबाहेरच्या स्क्रीनवर लागेल आणि दुसऱ्या दिवशी तो सगळ्यांना कुनाफा आणील. कुनाफ्याची कल्पना ऐनवेळी सुचली. आमच्याकडे चूक करणारा गोड आणतोच, मी फक्त नियमात बसवलं.

साहेब बघतच राहिले. म्हणाले, मुनीफ, सहा वर्षांत तू एक टेस्ट लिहिली नाहीस रे. मी म्हटलं, आवड पहिल्यापासून होती.

सोमवार, ५ सप्टेंबर.
टेबल मंद का, हे स्वतःपुरतं लिहून ठेवतो. सुरुवातीला घाई होती. म्हणून डावीकडून उजवीकडे जाणारं परदेशी पद्धतीचं टेबल घेतलं आणि अरबीसाठी शेवटी सगळं उलटं केलं. त्यात आकडेही उलटे झाले, १५० चे ०५१. म्हणून आकडे परत सुलटे केले. एवंच, प्रत्येक चौकोन तीनदा काढला जातो.

लोक याला मंद म्हणतात. मी याला काळजी म्हणतो.

गुरुवार, ८ सप्टेंबर. सकाळ.
मिळालं! तिचं कॅलेंडर: बारा सेकंद! आज मीटिंग आहे. निळा शर्ट घातलाय.

त्याच दिवशी, संध्याकाळ.
मीटिंग झाली.

आकडा मी मोठ्या अक्षरात पडद्यावर लावला. खाली लाल रेघ ओढली, परिणाम साधावा म्हणून. रुदैनाने शांतपणे विचारलं, उस्ताज मुनीफ, कॅलेंडर तुम्ही कुठे ठेवून मोजलंत? मी अबू निझारकडे बघून म्हटलं, जिथे ते वापरतात तिथेच, टेबलात, ओळीला एक. तिने ते टेबलातून बाहेर काढलं आणि एकटं मोजलं. सेकंदाचा पंचविसावा भाग.

मग उरलेला वेळ कुणाचा, असं अबू निझारनी विचारलं. मी म्हटलं, चौकशी चालू आहे.

स्वयंपाकघराबाहेर माझं नाव लागलंय. अक्षरं फार मोठी ठेवली होती मी.

रविवार, ११ सप्टेंबर.
कुनाफा नेला. रुदैनाने दोन तुकडे खाल्ले. चीजची तार लांबवत माझ्याकडे बघून म्हणाली, उस्ताज, हात सढळ आहे हो तुमचा. ही बाई साधी नाही.

मंगळवार, १३ सप्टेंबर.
काल पुन्हा माझं नाव. आज पुन्हा कुनाफा. मिठाईवाल्याने विचारलं, मुलाचं लग्न झालं वाटतं? मी म्हटलं, चौथीत आहे तो.

यंत्राचा माझ्यावर वैयक्तिक राग आहे. मोजणीची पद्धत बदलून पाहिली. दहा वेळा मोजून सरासरी काढली, तरी मीच. जुन्या कंट्रोलना वयाचा मान म्हणून सूट द्यावी, असा अर्ज केला. अबू निझार म्हणाले, मुनीफ, ते टेबल आहे, तुझे आजोबा नाहीत.

बुधवार, १४ सप्टेंबर. दुपारी २.
सापडली! शेवटी सापडली! रुदैनाने कॅलेंडरमध्ये अख्खं वर्ष दाखवायची सोय केलीय, हिजरी आणि इंग्रजी तारखा शेजारी शेजारी. ते उघडायला शून्य पूर्णांक सहा सेकंद. साठ वेळा मोजलं. सहाच.

तासाभरात नवा नियम मांडला. जे कंट्रोल अर्ध्या सेकंदाहून जास्त घेईल त्याला यंत्र बुधवारी एकवीस तारखेला सकाळी आठला स्वतःहून लायब्ररीबाहेर काढील. अपील नाही. थांबवायचं तर दोघांची सही लागेल, कारण रुदैनाने गुपचूप बंद केलं तर? भरात बोलून गेलो, कुणाची गय नाही, माझीसुद्धा नाही. टाळ्या पडल्या. नियमाला पहिला हात रुदैनाचा वर गेला. तिला अजून कळलेलं नाही, बिचारीला.

संध्याकाळ.
इतिदालला सगळं सांगितलं. बायको म्हणून तिने आनंद मानायला हवा होता. ती म्हणाली, आणि तुमचं टेबल? मी म्हटलं, अकराचं अर्ध्यावर आणायला आठवडा म्हणजे डोक्यावरून पाणी. ती म्हणाली, दिवाणखान्यातला दिवा तुम्ही रमजानपासून बदलताय.

तिला कोडमधलं काही कळत नाही.

शुक्रवार, १६ सप्टेंबर.
सुट्टी. आज सुरुवात करणार होतो. सासरी मन्सफ होतं. दह्यातलं ते मटण आणि तो भात खाल्ल्यावर जगातला कुठलाही माणूस कोड लिहू शकत नाही. उद्या.

शनिवार, १७ सप्टेंबर.
फाइल उघडली. पहिल्याच ओळीवर माझीच टीप: "तात्पुरतं आहे. पुढच्या आठवड्यात नीट करतो. मुनीफ." तारीख सहा वर्षांपूर्वीची.

वाचून गहिवरून आलं. बंद केली.

सोमवार, १९ सप्टेंबर.
रुदैनाने सहाचं दोनवर आणलं. एका दुपारात. म्हणे, उस्ताज, तुमच्या टेस्टनेच चूक दाखवली, नाहीतर कळलं नसतं. जखमेवर मीठ चोळायचं ते किती गोड आवाजात!

मी अकराचे नऊ केले. आकडे सुलटे करायचंच काढून टाकलं. आता १५० चे ०५१ दिसतात, पण वेग तो वेग. अबू निझारनी पाहिलं. म्हणाले, आपल्या बँकवाल्या गिऱ्हाइकाला हे दाखवू? परत लावायला लावलं. पुन्हा अकरा.

मंगळवार, २० सप्टेंबर. संध्या. ५.
यंत्र बंद करायला गेलो. दोघांची सही मागतं. ऑफिसात रुदैना एकटीच उरली होती. मी तिच्याकडे पाहिलं, तिने माझ्याकडे पाहिलं. ठराव क्रमांक एक: बोलणं बंद. मी घरी आलो.

बुधवार, २१ सप्टेंबर. सकाळी ८:०१.
काढलं.

सगळ्या कंपनीला मेल गेला. "नियम करणारे: मुनीफ. नियम मोडणारे: मुनीफ."

सकाळी ११.
आता टेबलाशिवाय गिऱ्हाइकांना लायब्ररी कशी पाठवतील ते बघतो! येतील माझ्याकडे रडत.

दुपारी १.
रुदैनाकडे टेबल तयार होतं. तीन महिन्यांपासून. पहिल्या चौकोनापासूनच उजवीकडून डावीकडे काढलेलं. मी अबू निझारसमोरच तिला म्हटलं, पाठीमागून वार केलास. ती गोंधळली. म्हणाली, उस्ताज, मी तर ऑगस्टमध्येच तुम्हाला पाठवलं होतं, आधी तुम्ही बघा, मग मीटिंगमध्ये दोघं मिळून दाखवू म्हणून. उत्तर आलं नाही, मला वाटलं तुमची हरकत नाही.

मेल शोधला. आहे. न उघडलेला. कालच्या नवखीचा होता म्हणून नव्हता उघडला.

याने काही बदलत नाही. पण जेवण गेलं नाही.

गुरुवार, २९ सप्टेंबर.
लायब्ररीची प्रमुख: रुदैना. निवडीनंतर दोन वाक्यं बोलली, त्यातलं एक माझ्यावर. उस्ताज मुनीफनी टेस्टचं यंत्र उभारलं नसतं तर आपण असेच अंधारात चाचपडत राहिलो असतो. पुन्हा टाळ्या. चौदाच्या चौदा. मी मोजले.

मला तिच्या हाताखाली टेस्टिंगचं काम दिलंय. घेतलं. सूड जवळून घेतलेला बरा.

रविवार, २ ऑक्टोबर.
तिच्या नव्या टेबलावर चारशे टेस्ट लिहिल्या. रिकामं टेबल, लाखभर ओळी, नुसते आकडे, अर्धी अरबी अर्धी इंग्रजी नावं. एकही नापास होत नाही. रुदैना म्हणाली, माझ्या कामाकडे इतक्या मायेने आजवर कुणी बघितलं नाही.

माया! मी दात खात लिहिल्या होत्या त्या.

मंगळवार, ४ ऑक्टोबर. सकाळी १०.
विजय. अखेर विजय. झरकाहून अबू सख्रचा फोन. विजेच्या सामानाचं दुकान आहे त्याचं, मालाची यादी आमच्या टेबलात, आमचं सर्वात जुनं गिऱ्हाईक. म्हणाला, कोण आहे रे तो शहाणा ज्याने टेबल बदललं? जुनं परत लाव! मुनीफ, तुझ्यासारखं टेबल पुन्हा होणे नाही.

डोळ्यांत पाणी आलं माझ्या. विचारलं, अबू सख्र, नव्यात नेमकं काय वाईट आहे? सगळं सांग, मी लिहून घेतो. तो म्हणाला, अरे, पूर्वी मालाची यादी उघडायला लावायची आणि गिऱ्हाइकाला कॉफी ओतायची. आई कशी आहे, मुलाचं काय चाललंय, सगळं विचारून होईपर्यंत यादी यायची. तोवर माणूस सैल होऊन अजून दोन दिवे घ्यायचा. आता बटण दाबतोय तोच यादी समोर! माणूस दाराबाहेर! कॉफी तशीच कपात!

शब्दन् शब्द लिहून घेतला. वर लाल अक्षरात: "प्रमुखांच्या टेबलाविरुद्ध पहिली तक्रार." प्रत अबू निझारना.

दुपारी १२.
रुदैनाने तक्रार दोनदा वाचली. हसली नाही. म्हणाली, गिऱ्हाइकाचं बरोबर आहे. त्याच्यापुरती एक सोय घालू या, टेबल सावकाश उघडण्याची. तुम्हीच कराल का, उस्ताज? हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला जमणार नाही.

चेहऱ्यावर टोमणा शोधला. सापडला नाही.

मी दोन दिवस मागितले.

दुपारी १२:२०.
झालं. सगळ्या टेस्ट पास. सहा वर्षांत इतक्या झटपट मी केलेलं हे पहिलंच काम.