छोटीच्या फ्रॉकचे अकरा साचे

४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझा गुडघा बरा आहे हे वाचून आम्ही निश्चिंत झालो, आणि तू पुन्हा जिने चढतेस हे वाचून पुन्हा काळजीत पडलो. इथे सगळे मजेत. बाबांनी शिलाईच्या दुकानाचं रंगकाम काढलंय. रंगाऱ्याला ते इतक्या सूचना देतात की तो बिचारा दिवसातून चारदा चहाला पळतो.

माळा रिकामा करताना आजोबांच्या मशीनच्या खोक्यात एक गठ्ठा सापडला. लहान मुलीच्या फ्रॉकचे, कापडावर ठेवून कापायचे कागदी साचे, जुन्या वर्तमानपत्रांतून काढलेले. अकरा आहेत, एकापेक्षा एक थोडा मोठा. प्रत्येकावर पेन्सिलीने ‘छोटी’ आणि खाली दिवस-महिना, साल नाही. छोटी म्हणजे तूच, तू एवढीशी होतीस तेव्हा बाबांचा तर जन्मही झाला नव्हता. ते म्हणाले, रद्दीत घाल. मी गठ्ठा गुपचूप माझ्या पिशवीत घातला.

एक गोष्ट मात्र मला समजत नाही. कडा कात्रीने कापलेल्या नाहीत. सुईने जवळजवळ भोकं पाडून त्यावरून कागद फाडलाय. आजोबा असं कशाला करतील? तू शिंप्याची लेक, तूच सांग.

गुडघ्याला जप, आणि आमच्यावरचा लोभही जप.
तुझी,
ठमी


११ फेब्रुवारी

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

जिन्यांवरून मला शिकवू नकोस. तीस वर्षं मुख्याध्यापिका होते, मला उपदेश करायची सवय आहे, ऐकायची नाही.

ते साचे तुझ्या आजोबांचे नव्हेत. माझ्या बाबांनी उभ्या जन्मात कागद फाडला नाही, कात्री म्हणजे त्यांचं सहावं बोट होतं. आमच्या दुकानाची आणखी एक रीत सांगते. ताज्या छापाची शाई कापडाला लागते, म्हणून पेपर मोजून आठ दिवस ठेवायचा आणि मगच त्याचा साचा करायचा. असा सोस मी दुसऱ्या कुठल्या शिंप्याकडे पाहिला नाही.

आता तुझ्या आजीबद्दल तू विचारलं नाहीस, पण ते तुझ्या मनात आहे. मी तीन वर्षांची असताना आई दोरा आणायला म्हणून गेली, ती दीड वर्षाने परत आली. कुठे होती, ते कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. आपलं काहीतरी चुकलं म्हणून ती आपल्याला टाकून गेली, असं मी धरून चालले. ती आल्यावरही आमचं कधी जमलं नाही. ती वारली तेव्हा मी रडले नाही, हे तुझा बाप अजून विसरलेला नाही. एकाहत्तराव्या वर्षी हे उकरून काढायची मला हौस नाही. टाकून दे तो गठ्ठा.

सगळ्यांना आशीर्वाद, तुला थोडा जास्त.
तुझी,
आत्या

ता. क. सगळ्यांत मोठ्या साच्याची लांबी किती आहे?


२ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

गठ्ठा टाकलेला नाही. काय बोलायचं ते पुढच्या पत्रात बोल.

ग्रंथालयात जुन्या वर्तमानपत्रांच्या फाटक्या फायली चिकटवणं हेच माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे मला राहवेना. एका साच्याच्या खांद्यावर ‘इस्पितळाच्या फाटकापर्यंत जाणारी मोटार’ अशी अर्धी जाहिरात होती. दोन आठवडे जेवणाच्या सुट्टीत डबा एका हाताने खात फायली चाळल्या. शेवटी तीच जाहिरात मिळाली. आगगाडीने दिवसभराच्या वाटेवर असलेल्या एका डोंगराळ गावाचं ते साप्ताहिक होतं. मग अकराही साचे त्याच्या पानांवर ठेवून पाहिले, अक्षराला अक्षर जुळलं. सगळे अंक आजी घरात नव्हती त्या दीड वर्षातले. आणि पेन्सिलीची तारीख प्रत्येक वेळी अंकानंतर बरोबर आठ दिवसांची. म्हणजे साचे करणारं माणूस आपल्याच दुकानातलं.

त्या गावात क्षयाचं मोठं इस्पितळ होतं. शेवटच्या फायलीत एक बातमी सापडली, रुग्णांच्या हस्तकलेच्या प्रदर्शनाची. पहिलं बक्षीस आजीला, तिचं संपूर्ण नाव छापलंय. पुढे लिहिलंय की मुलांना भेटीची बंदी असल्याने या बाईंनी वर्षभर न पाहिलेल्या मुलीच्या वाढीचा अंदाज बांधून फ्रॉक बेतला. अंथरुणावर कात्री मिळत नाही, म्हणून त्या कागद सुईने कापतात.

साच्यांवर तांबूस डाग आहेत. टपालाने आले की जंतू मरावेत म्हणून आजोबा त्यांवर तापलेली इस्त्री फिरवत असणार. आणि क्षय झालेल्या घरात शिवायला कापड कोण देणार, म्हणून गप्प राहिले असणार. बाबांना सगळं दाखवलं. रंगाऱ्याला सूचना द्यायचं विसरून ते एकेक साचा उजेडाला धरून बघत होते.

सगळ्यांत मोठा साचा साडेएकवीस इंच आहे.

रागावलीस तरी पत्र पाठव, एवढीच विनंती.
तुझी,
ठमी


९ मार्च

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. दूध करपलं, ते भांडं अजून घासायचंय. मी रडले, हे आधीच लिहून टाकते म्हणजे तू विचारायला नको. नंतर इतकं हलकं वाटलं की शेजारीण म्हणाली, आज गुडघा दुखत नाही वाटतं.

ते फ्रॉक मला चांगले आठवतात. ‘माझ्या बाबांनी शिवला’ असं सांगत मी ते गल्लीभर मिरवायचे. बाबा मान खाली घालून मशीन चालवायचे. आईशी जे बोलायला हवं होतं ते आता बोलता येणार नाही, याचं वाईट वाटतं आणि वाटतच राहील. पण ती मला टाकून गेली नव्हती. हे वाक्य मी सकाळपासून मोठ्याने म्हणून बघतेय.

शाबास पोरी. साचे टपालाने नको, स्वतः घेऊन ये आणि चार दिवस राहा.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही, ती तुला सांगते. आई परत आली त्या दिवशी तिने मला जवळ घेतलं नाही. दारातून आली ती थेट मला भिंतीशी उभं केलं, बाबांच्या गळ्यातली टेप काढून घेतली आणि माझ्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत लावली. अर्ध्या इंचाने चुकले, असं बाबांना म्हणाली आणि तिथेच जमिनीवर बसून रडायला लागली. मी बाबांच्या मागे लपले. अर्ध्या इंचासाठी कुणी इतकं रडतं का, असं मला वाटलं होतं.

तुझी,
आत्या