धुतलेला स्पंज

रविवार, १९ तारीख, संध्याकाळ

सप्रेम नमस्कार. (घटस्फोटानंतर 'सप्रेम' चालतं की नाही, याबद्दल आपल्या कागदपत्रांत काही लिहिलेलं नाही.)

सुरुवात एका गंभीर तक्रारीने करतो. माझ्या बाहेरच्या खोलीतला एकमेव भरवशाचा प्लग गेले सहा आठवडे माशांच्या पंपाने बळकावला आहे. परिणामी मी रोज सकाळी मिक्सरशेजारी उभा राहून दाढी करतो. एका सुसंस्कृत माणसावर ही वेळ यावी आणि कुणी साधी हळहळही व्यक्त करू नये, याला काय म्हणावं?

आता तुझी चिठ्ठी. मुलगी तीन आठवडे तुझ्या नवऱ्याशी बोलत नाही, तो कारण सांगत नाही, तेव्हा माझ्याकडे झालं तरी काय, असं तू मला विचारलं आहेस. सांगतो. पण आधी टाकीबद्दल.

आपल्या वकीलबाईंची, म्हणजे लेकीची, अट तुला ठाऊकच आहे. नवी शाळा माझ्या घराजवळ, म्हणून आठवड्यातले चार दिवस माझ्याकडे राहणार. पण दोन्ही गोल्डफिश आधी इथे आले तरच. टाकी आणायची, नळाखाली भरायची, मासे सोडायचे, असा माझा साधासरळ बेत होता. तुझा नवरा मदतीला आला आणि बेत महिनाभराचा झाला.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा, आणि आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. चार मजले बादल्या घेऊन चढला आणि धापा टाकायच्या सोडून खिशातून बुडबुड्याची पट्टी काढून टेबलाची पातळी बघत बसला. एका पायाखाली पुठ्ठा सरकवला, पुन्हा पाहिलं, पुठ्ठ्याचा एक पदर सोलून काढला. त्या टेबलावर मी पाच वर्षं लेख लिहितोय. ते कलतं आहे हे मला कधी कळलं नाही. वाचकांना कळत असावं.

खडी त्याने अकरा वेळा धुतली. मी मोजत होतो, मला दुसरं काम नव्हतं. पाणी भरलं, त्यातलं क्लोरीन मारायचं औषध घातलं, फिल्टर लावला. आणि मग तुमच्या जुन्या टाकीतला स्पंज पिळून ते काळपट पाणी माझ्या स्वच्छ टाकीत ओतलं. मी तोंड वाकडं केलं. तेव्हा कळलं की माशांची घाण पचवणारे जंतू नव्या पाण्यात नसतात. ते जुन्या घरून आणावे लागतात आणि त्यांना रुजायला वेळ द्यावा लागतो. रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं काम मला दिलं, ते कुजून त्या जंतूंचं पोट भरावं म्हणून. दर रविवारी तो यायचा, काचेच्या नळीत थेंब टाकून रंग पाहायचा, वहीत लिहायचा. नसलेल्या माशांची इतकी काळजी घेणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी तर असलेल्या माणसांचीही... असो. ते तुला सांगायला नको.

आता मुद्दा, जो मी दोन पानं टाळतोय.

चौथ्या रविवारी मासे यायचे होते. आदल्या दिवशी मी टाकीकडे नीट पाहिलं. काचेवर बुळबुळीत थर, स्पंज तपकिरी. लेक राहायची जागा बघायला येणार आणि बापाच्या घरी ही घाण? मी सगळं उपसलं. स्पंज कढत पाण्यात चोळून पांढराशुभ्र केला, काच चकचकीत केली, नळाचं पाणी भरलं. इतकी मन लावून सफाई मी आपल्या संसारात कधी केली नाही.

रविवारी दोघं आली. तिच्या हातात झाकणाची बादली, बादलीत मासे. त्याने वाकून पाण्याचा वास घेतला. स्पंज वर काढून पाहिला. माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि तिला म्हणाला, "माझंच मोजमाप चुकलं. अजून तीन आठवडे लागतील."

"काका, तुम्ही शब्द दिला होता," एवढंच ती म्हणाली आणि बादली उचलून एकटीच जिना उतरली.

मी गप्प राहिलो. तेवढ्यावर भागलं असतं तरी एक वेळ ठीक. पण पुढच्या शनिवारी ती माझ्याकडे येऊन त्याच्याबद्दल कुरकुरली, आणि मी त्याच्या वहीवर आणि पट्टीवर दोन विनोद केले. ती खळखळून हसली. तिला हसवणं मला बऱ्याच दिवसांनी जमलं होतं, म्हणून तिसराही केला.

दुसऱ्या दिवशी तो तुमच्याकडचा स्पंज घेऊन एकटाच आला. पहिल्यापासून सुरुवात. मी विचारलं, तिला खरं का नाही सांगितलंत? तो पिळता पिळता म्हणाला, "माझ्यावर रागावली तरी संध्याकाळी जेवायला समोरच असते. तुम्हाला आठवड्यातला एक दिवस मिळतो."

त्यात ना टोमणा, ना उपकार केल्याचा सूर. मला एकही चुरचुरीत वाक्य सुचलं नाही, आणि माझं पोट त्यावर चालतं.

आज मासे आले. पिशवीत मासे आणि पिशवी टाकीत तरंगत ठेवलेली, आतबाहेरचं पाणी सारखं होईपर्यंत. मग दर पाच मिनिटांनी अर्धी वाटी टाकीतलं पाणी पिशवीत. घाई केली तर मासे सोसत नाहीत. तुझा नवरा स्वयंपाकघरात बादली धूत होता. पिशवीचं तोंड लेकीच्या हातात, वाटी माझ्या. दोघांनाही हलायची सोय नव्हती. मी तिला सगळं सांगितलं. स्पंजाचं, आणि गप्प राहून वर विनोद केल्याचंही.

"साबण लावला होतास?"

"नाही."

"मग काका खोटं का बोलले?"

"तू माझ्यावर रागावू नयेस म्हणून."

तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि आत गेली. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. नळ बंद झाला एवढं कळलं. बाहेर आली तेव्हा तिचं नाक लाल होतं आणि तिच्यामागे तो, ओले हात शर्टाला पुसत. तिघांनी मिळून पिशवी कलती केली. मोठा मासा तडक कोपऱ्यात जाऊन बसला. धाकटा काचेला तोंड लावत सगळी टाकी फिरून आला.

उद्यापासून राहायला येणार का, असं मी विचारलं. "विचार करून सांगते," म्हणाली. मासे मात्र ठेवून गेली. खिडकीतून मी दोघांना कोपऱ्यापर्यंत पाहिलं. ती सारखी त्याच्याशी बोलत होती, हातवारे करून. तीन आठवड्यांचं साचलं होतं. तो मान हलवत होता.

आभार मानायचे राहिले. समोर असताना जमेना. हे पत्र त्याला वाचायला दे, आणि विनोदांचा परिच्छेद गाळू नकोस.

तुमच्या मुलीचा,
उशिरा शिकणारा बाबा