दगडावरचं एकोणीस

२८ ऑक्टोबर २०११
धुकं. बीट भरलेले ट्रॅक्टर सकाळपासून दारावरून जातायत, रस्ताभर चिखल. संतांचा सण आला – सगळं गाव दफनभूमीत कबरी घासतंय, शेवंतीच्या कुंड्या मांडतंय. मीही बादली, ब्रश घेऊन गेले. आमच्या निळसर दगडावर दोन नावं. माझा नवरा फिर्मिन, १९२९–१९७८. शेजारी मी. ओदिल, १९३२–१९. म्हाताऱ्या पाथरवटानं एकाच खेपेत दोन्ही कोरली होती. माझे शेवटचे दोन आकडे मी गेल्यावर घालायचे. शतक उलटेपर्यंत मी टिकेन असं त्याला वाटलं नाही. मलाही नाही.

शेजारची मार्सलीन तिच्या नवऱ्याची कबर घासता घासता म्हणाली, "ओदिल, तुझा मुहूर्त टळला गं." दोघी हसलो. घरी आल्यावर हसू आलं नाही.

१ नोव्हेंबर
लेक सोलांज लीलहून आली नाही. फोन केला. मी दगडाचं बोलले. "आई, तू कशाला काळजी करतेस? तुझ्यामागे नवा ग्रॅनाइट बसवू, चकचकीत, बाबांचा फोटो लावून." जुन्याचं काय? तो बसवणारेच उचलून नेतात म्हणे.

कुठे नेतात?

२ नोव्हेंबर
पाथरवटाच्या मुलाला निरोप धाडला. मी आहे तोवर दुरुस्त करून घ्यायचं. चूकच उरली नाही, तर लेकीला दगड काढायला कारण नाही.

५ नोव्हेंबर
फिरत्या वाचनालयाचं पुस्तक त्याच पानावर पडून आहे. माझी शाळा युद्धात सुटली. अक्षरं विसरले होते. फिर्मिन गेल्यावर पुन्हा शिकले ती या दगडावर, बोटानं. त्याच्या नावाचं शेवटचं अक्षर खाली घसरलंय. म्हातारा कोरताना रडत होता – मित्र होते दोघे. माझं बोट तिथे आपोआप वळतं.

९ नोव्हेंबर
दलात्र आला, पाथरवटाचा मुलगा. आता तोही साठीचा. दगडावर टिचक्या मारल्या, बापाला दोन शिव्या घातल्या. नुसतं एकोणीस तासलं तर खड्डा पडेल, पाणी साचून थंडीत दगड फुटेल. खड्ड्यात लांबीचा लगदा भरला तर तो गळून पडेल.

"बाई, वरचा सगळा थरच तासावा लागेल. दोन्ही नावं जातील. मग मशीनवर नवी काढतो. सरळ येतील."

सरळ नकोय मला. त्याला म्हटलं, सांगते.

१० नोव्हेंबर
पाऊस. चूल पेटवली नाही. तेहतीस वर्षं एकच ताट मांडतेय. एवढ्या वर्षांत मी काय केलं, आठवून पाहिलं. तो जाण्याआधीचं सगळं आठवतं – कोंबड्यांची नावंसुद्धा. त्यानंतरचं काहीच नाही!

१२ नोव्हेंबर
दलात्रला सांगितलं, काही तासू नकोस. माझ्याही एकोणीसपुढे अठ्ठ्याहत्तर घाल.

त्यानं छिन्नी खाली ठेवली. "बाई, हे खोटं होईल."

नाही होणार, म्हटलं. कोर.