भट्टीजवळचे रोजे

४ रमजान

ती. आपास, सलाम वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघा सुजलेला असूनही अम्मी पहाटेच्या सहेरीला सगळ्यांच्या आधी उठते, याचं मला काही नवल वाटलं नाही.

आमच्या खोलीत आम्ही चौघं, चार देशांचे. रमजान तरी एक असेल असं वाटलं होतं. ड्रायव्हरने त्याच्या मुलखातल्या रेडिओवर चंद्राची बातमी ऐकली आणि आमच्या एक दिवस आधीच रोजा धरला. त्याच्या गावी ढोल वाजवून लोकांना उठवतात, म्हणून पहाटे तो आमच्या कानाशी पातेलं बडवतो. संध्याकाळी रोजा सोडताना बेकरीवाला एक खजूर तोंडात टाकून आधी नमाज पढतो. ड्रायव्हर म्हणतो, आधी पोट, नाहीतर नमाजेत भाकरीच दिसते.

चौथा लंबू. बाटल्यांच्या कारखान्यात तो माझ्याच भट्टीवर आहे. तो कामाच्या दिवशी रोजा धरत नाही. त्यांच्याकडे म्हणे आगीजवळ राबणारा माणूस सुटलेले रोजे थंडीत भरून काढतो, आणि त्याला कोणी नावं ठेवत नाही. आज तो सगळ्यांसमोर घटाघटा पाणी प्यायला. मी म्हटलं, बरी सोय आहे तुमच्याकडे. सगळे हसले. तोही हसला.

अम्मीला सलाम. लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा पोपट

१२ रमजान

चि. पोपटास, अनेक आशीर्वाद.

शाळेतून आले आणि आधी तुझं पत्र अम्मीला वाचून दाखवलं. पातेल्याला ती हसली. लंबूचं ऐकून मात्र तिने पत्र मिटायला लावलं. तू पोटात होतास त्या वर्षी तिला एकही रोजा धरता आला नव्हता. शेजारणींनी तेव्हा काय काय ऐकवलं, ते तिला अजून पाठ आहे. तिने निरोप दिलाय की त्याची माफी माग आणि तसं आम्हाला कळव. शिवाय तुझी बडबड जरा आवर, हे माझ्याकडून.

तूही भट्टीवर जीव सांभाळ. माया आहेच.

तुझी आपा

१३ रमजान

ती. आपास, सलाम.

तुझ्या पत्राची वाट न पाहता लिहितोय. लंबू गेला.

मी बोललो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून तो रोजे धरायला लागला. सहेरीला आमच्यात येऊन बसला. ड्रायव्हरने त्याची पाठ थोपटली. मला तर आपण जिंकलो असं वाटलं.

काल दुपार उलटल्यावर भट्टीसमोर तो म्हणाला, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. मी म्हटलं, रोजा सुटायला दोनच तास उरलेत, दम धर. त्याने धरला. मग उभ्याउभ्या खाली बसला, तो उठलाच नाही. सावलीत नेऊन तोंडात पाणी घातलं, ते ओठांच्या कडेने बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, उष्णता.

त्याच्या खाटेकडे बघवत नाही.

तुझा पोपट

२१ रमजान

चि. भावास, आशीर्वाद.

आपली पत्रं वाटेत एकमेकांना चुकली. माझं तुझ्या हाती पडलं असेल तेव्हा माफी मागायला माणूस उरला नव्हता, हे कळतंय मला. तुझी चूक मी झाकणार नाही, आणि तुला टाकणारही नाही. अम्मी दोन दिवस धड जेवलेली नाही.

त्याच्या बायकोला लिही. जे घडलं तेच लिही.

तुझी आपा

ईदनंतरचा पाचवा दिवस

ती. आपास, सलाम.

ईदला खोलीत कोणी नवे कपडे घातले नाहीत. रोज लिहायला बसायचो आणि कागद फाडायचो. माझं लिहून व्हायच्या आत लंबूच्या बायकोचंच पत्र आलं, खोलीतल्या सगळ्यांच्या नावे. ड्रायव्हरला त्यांची भाषा येते, त्याने वाचलं.

ती लिहिते की शेवटच्या फोनवर तो फार खुशीत होता. म्हणत होता, इथे एक भाऊ भेटलाय, त्याच्यामुळे मी यंदा कामाच्या दिवशीही रोजे धरतोय. त्या भावाचं नाव तिला ठाऊक नाही. तिने त्याच्यासाठी दुआ मागितली आहे, आणि त्याला तिचा सलाम पोचवा, असं लिहिलंय.

ड्रायव्हरने पत्राची घडी घातली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही.

आज मी सांगतोय आणि तो तिच्या भाषेत लिहितोय. पहिलं वाक्य सांगितल्यावर त्याने विचारलं, हे नक्की लिहू ना? मी म्हटलं, लिही. ते वाक्य असं: बहिणी, तो भाऊ मी आहे, आणि तुझी दुआ मला घेता येत नाही.

अम्मीला हे पत्र वाचून दाखव. काही गाळू नकोस.

तुझा भाऊ