अबोलीची वेणी

नागाव, अलिबागजवळ
फेब्रुवारी १९३४

ती. आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून दिनूचा नमस्कार.

आम्ही बाराही जण काल सायकलींसकट इथे सुखरूप पोचलो. घाटात ब्रेक नीट लागले. जेवण वेळेवर मिळतं. तुझे गुडघे कसे आहेत?

पेणपासून दोन्ही बाजूंना वालाची शेतं होती. आमच्या सायकल मंडळातले सगळे गात होते. मी पुढच्या सायकलीच्या चाकाकडे बघत पायडल मारत राहिलो. बाहेर पड, बरं वाटेल, असं तू म्हणाली होतीस. वाईट वाटत नाही, एवढं खरं. काहीच वाटत नाही.

एका शेतावर पाणी मागितलं. वाल उपटणाऱ्या म्हातारीने तांब्या देत विचारलं, "दादा, घरी बायको हाय ना?"

"आहे," मी म्हणालो.

कमळला जाऊन चार महिने झाले, हे तोंडातून निघालंच नाही. म्हातारीने लेकीसाठी ओवलेली अबोलीची वेणी माझ्या हातावर ठेवली. "तिला न्या," म्हणाली. मी घेतली.

आज सकाळी ती समुद्रात सोडायला गेलो. गुडघाभर पाण्यात बराच वेळ उभा राहिलो, पण सोडवली नाही.

कमळ गेल्यापासून मी पोटच्या पोरीला, गोदूला, एकदाही जवळ घेतलेलं नाही. तू ते पाहिलं आहेस.

आम्ही सोमवारी घरी पोचू. फुलं तोवर कोमेजतील. तरी गोदूचे केस विंचरून ठेव. वेणी मी माळीन.

तुझा
दिनू