घोड्यांचा ट्रेलर कोणाच्या अंगणात

मी, खाली सही करणारी, धंद्याने सोफे-गाद्या शिवणारी, हात शाबूत, डोके त्याहून शाबूत, कोणाच्याही दडपणाला न जुमानता हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहिते. डॉक्टर पुढच्या वर्षाची हमी देत नाहीत, म्हणून आत्ताच.

१. घर यजमानांचेच आहे, त्यांच्याकडेच राहील. माझी बचत मुलीला. जावयांनी त्यातून मोटरसायकल घेऊ नये. त्यांना ब्रेक लावायचा कंटाळा आहे.

२. शिवणयंत्र आणि कात्र्या दुकानातल्या मदतनीस बाईंना. जाऊबाईंना तो हिरवा सोफा, स्प्रिंग वर आलेला. "शिवणकाम काय, कोणीही करतं," असे त्या जन्मभर म्हणत आल्या. आता करून पाहावे.

३. ट्रेलर. घोडे वाहून न्यायचा हा जुना ट्रेलर मी सोफे पोचवायला माझ्या कमाईतून घेतला आणि कागदोपत्री तो आजही माझाच आहे. यजमानांनी दोन आसनांचे छोटे विमान घेतले, ते ठेवायला जागा मिळेना, तेव्हा त्यांचा डोळा माझ्या ट्रेलरवर गेला. "थोडासाच बदल करतो गं," म्हणाले. दोन घोडे वेगळे ठेवणारी मधली फळी गेली, मागची बाजू कापून सांगाडा लांबवला, तळाला विमानाच्या चाकांसाठी लोखंडी पट्ट्या आल्या, गंज धरू नये म्हणून छताला झरोके पडले. माझे सोफे तेव्हापासून भाड्याच्या टेम्पोने जातात.

पंख सोडवून ट्रेलरच्या दोन्ही भिंतींना टांगायचे, त्यासाठी झोळ्या मी शिवल्या. बाहेरून जाड कॅनव्हास, आतून मऊ अस्तर. झोळ्यांचे आकडे यांनी भिंतींना वेल्डिंगने जोडले, पण माप घेतले नुसत्या पंखाचे, अस्तर जमेस धरलेच नाही. पंख अडला. "अस्तर काढून टाक," म्हणाले. मी म्हटले, "तुमचं वेल्डिंग काढा." शेवटी यांनीच वेल्डिंग काढले. त्यानंतर यांच्या उड्डाण मंडळातल्या दंतवैद्य बाई आल्या आणि झोळीवरून हात फिरवत यांना म्हणाल्या, "अहो, किती सुबक काम केलंय तुम्ही!" हे नुसते हसले. माझे नाव काढायला यांची जीभ रेटली नाही.

विमान बाहेर काढून पंख जोडायला दोन माणसे लागतात. पंखाचे टोक मी धरते. सगळे जोडून झाले की बाई येतात आणि दुसऱ्या आसनावर बसतात. मला वजनाच्या मर्यादेमुळे जमणार नाही, असे यांनी सांगितले आहे. बाईंचे वजन यांना कसे ठाऊक, हे मी विचारले नाही. पण माझा जळफळाट होतो, आणि तो मी मरतानाही लपवणार नाही.

४. आजारपणात हे उशाशी बसून म्हणाले, "ट्रेलर बाईंच्या नावे कर ना. त्यांचं अंगण मोठं आहे, विमान सुखात राहील." विमान! जिथे ट्रेलर तिथे विमान, आणि जिथे विमान तिथे हे, सकाळपासून काचा पुसत, त्यांच्या हातचा चहा पीत. माझ्या पश्चात हे बाईंच्या अंगणात दिवस काढणार, या विचाराने आत्ताच माझ्या पोटात दुखते. तरी तेव्हा मी हो म्हटले, आणि शब्द फिरवणाऱ्यांतली मी नव्हे. सबब सदर ट्रेलर झोळ्यांसकट दंतवैद्य बाईंना देण्यात यावा.

५. वरीलपैकी एखादे देणे कायद्याने टिकले नाही, तर ती वस्तू मुलीला मिळावी. तिचे अंगण लहान आहे, पण ट्रेलर मावतो. मी टेप लावून पाहून आले. तिने वडिलांना गरम जेवायला घालावे, पंखाचे टोक धरावे, आणि दुसऱ्या आसनावर स्वतः बसावे.

६. वकीलसाहेबांनी बजावले आहे की, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळायचे त्याला साक्षीला घेऊ नये. त्याने सही केली की त्याला द्यायचे देणे रद्द होते. साक्षीदाराने आतला मजकूर वाचायची मात्र गरज नसते, मला सही करताना पाहिले की पुरे. दोन्ही गोष्टी मला नीट समजल्या आहेत.

हे सर्व माझ्या मनासारखे झाले आहे, म्हणून सही करते.

स्थळ: शिवणाच्या खोलीतले कापडाचे टेबल
दिनांक: आजचा, रविवार, उड्डाणाच्या आधी

सही: गादीवाली

साक्षीदार:
१. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर
२. दंतवैद्य बाई