एक नंबरचं कार्ड

सोलापूर
४ नोव्हेंबर २०२५

प्रिय शिवराज,

पाकीट फोडल्यावर तू आधी शेवटच्या पानावरची सही बघितली असशील. हो, मीच. मैंदर्गीची रुपाली. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालते. मी ठीक आहे. दोन वर्षं झाली, पुण्याची एडिटिंगची नोकरी सोडून परत सोलापूरला आले. थंडी अजून म्हणावी तशी नाही, पण सकाळी पंखा लागत नाही. तुमच्याकडं ज्वारी गुडघ्याला लागली असेल.

शेजारच्यांकडं लग्नाचा अल्बम बघायला गेले होते. फोटो बघता बघता म्हटलं, हा उजेड ओळखीचा वाटतोय. नवरीच्या आईचा एक फोटो होता, मुलगी गाडीत बसतेय आणि आई दुसरीकडंच बघतेय. अल्बम उलटा केला तर मागं तुझं नाव, मंगळवेढ्याच्या स्टँडसमोरच्या स्टुडिओचा पत्ता आणि फोन नंबर. फोन हातात घेतला होता. पण फोनवर तू "जाऊ दे की रुपा" म्हणाला असतास आणि मी लगेच सुटले असते. म्हणून लिहितेय.

मी आता विद्यापीठात, आपल्याच फिल्मच्या विभागात शिकवते. आठवड्यातून तीन दिवस, एडिटिंग. आपण शिकलो तोच वर्ग, पण पडदे नवे आहेत आणि कॅमेरे सहा. सहा! आपल्या वेळी अख्ख्या वर्गात एक कॅमेरा होता आणि त्याची बॅटरी तू छातीशी धरून गरम ठेवायचास. कुणी सांगितलं होतं तुला, गरम राहिली की जास्त चालते म्हणून? मी मुलांना सांगितलं तर हसतात.

पेरूच्या हातगाडीचा किस्सा मात्र दरवर्षी सांगते. आपल्याला चालत्या कॅमेऱ्याचा शॉट हवा होता आणि ट्रॉली नव्हती. कंबर तलावाच्या रस्त्यावर नागव्वाची हातगाडी दिसली. ती तुला दाद देईना, मग मी कन्नडमधून बोलले तशी खुलली. गाडी दिली, पण अट घातली, "माझे पेरू बी दिसू द्या की त्यात." गाडीवर पेरू, पेरूंच्या मधोमध तू मांडी घालून कॅमेरा धरलेला, आणि मी ढकलतेय. सात टेक झाले. प्रत्येक टेकला एक तरी पेरू घरंगळत रस्त्यावर. सातव्याला ती म्हणाली, आता राहू दे, विकायला काही उरायचं नाही. तू नंतर विचारलंस, "काय बोललीस गं तिला?" मी सांगितलं नाही. आज सांगते. मी म्हटलं होतं, हा पोरगा मोठा दिग्दर्शक होणार आहे.

अशा गोष्टी लिहीत बसले तर चार पत्रं होतील. ज्याच्यासाठी बसलेय ते लांबणीवर टाकतेय, मला कळतंय.

मागच्या महिन्यात एक झालं. पहिल्या वर्षाला सोनम नावाची मुलगी आहे, अबोल. तिच्या गटाचं दोन दिवसांचं शूटिंग पुसलं गेलं. चौघं जण एकमेकांवर ओरडत माझ्याकडं आले. मी काही विचारायच्या आत ती पुढं झाली. "मॅडम, कार्ड माझ्याच हातनं फॉरमॅट झालं. दुसऱ्या कुणाला बोलू नका." झालं. एवढंच. एका मिनिटात तिनं सांगून टाकलं आणि मग रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

तुझ्या आजोबांच्या शूटिंगचा दिवस मला लख्ख आठवतो. जानेवारी २०१७, सोलापूरची गड्ड्याची यात्रा नुकतीच संपलेली. आपण सकाळच्या एसटीनं तुझ्या आजोळी गेलो. मामींनी हुरडा भाजून ठेवला होता. तुझ्या आईचे वडील, कोंडीबा आजोबा, ज्यांनी तीस वर्षं यात्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवला, त्यांनी धुतलेलं धोतर नेसून लिंबाखाली प्रोजेक्टरची मशीन मांडून ठेवली होती. रीळ नव्हतं, तरी मशिनीला तेल घातलेलं. तू कॅमेऱ्यामागं, मी समोर प्रश्न विचारायला. तासभर बोलले. मला आठवतंय तेवढं इथं लिहिते, कारण ते आता दुसरीकडं कुठंच नाही.

ते म्हणाले, "फिलम तुटली की मानसं शिट्ट्या मारायची. मी म्हनायचो, वरडा, लई वरडा, मशीन माझी हाय." मग वादळाचं सांगितलं. "वाऱ्यानं तंबू उडाला, पडदा तेवढा ऱ्हायला. एक मानूस उटला न्हाय. उलट भायेरची फुकटी बी येऊन बसली."

आणि मी विचारलं, आजी कुठं भेटल्या? तर खूप वेळ मशिनीवरून हात फिरवत राहिले. "यात्रेतच की. समदी पडद्याकडं तोंड करून बसल्याली, आन् एक पोरगी उलटी, मशिनीकडं तोंड करून. म्या म्हनलं, बाई, पिच्चर तिकडं हाय. ती म्हनली, तितं दिसतंय ते समद्यांस्नी दिसतंय, ह्यो उजेड कुटनं येतोय ते बगतीया. सा म्हयन्यानं लगीन झालं."

शिवराज, आता दुसऱ्या दिवसाचं.

सकाळी दहाला विभागात पाहुण्यांचं व्याख्यान होतं, ते आपल्याला शूट करायचं होतं. तू लॅबमध्ये आलास, दोन्ही कार्डं एका पाऊचमध्ये घालून माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "एक नंबरच्या कार्डावर आबा आहेत. त्याला हात लावू नको, ट्रायपॉड ठेवून आलो की मी कॉपी करतो. दोन नंबरचं कॅमेऱ्यात टाक." मी हो म्हटलं. तेवढ्यात पुण्याहून फोन आला, त्याच नोकरीचा, जी मला पुढं लागली. फोन कानाला लावून मी पाऊचमध्ये हात घातला, लागलं ते कार्ड कॅमेऱ्यात टाकलं, फॉरमॅट केलं आणि कॅमेरा तुझ्या हातात दिला. त्यावर तू स्वतः दीड तास व्याख्यान भरलंस.

संध्याकाळी तू कॅमेऱ्यातून कार्ड काढलंस. त्यावर एक नंबर होता. तुझा चेहरा मी विसरलेले नाही. तू मला विचारलंस, "रुपा, मी तुला दोन्ही कार्डं दिली होती ना?"

मी म्हणाले, "नाही. एकच दिलं होतंस. एक कॅमेऱ्यातच होतं. तू सवयीनं फॉरमॅट मारलं असशील."

दोन्ही दिली होतीस, शिवराज. दोन्ही माझ्या हातात होती.

हत्तुरे सर तुला रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, पुढच्या रविवारी परत जा, आजोबा कुठं जातात. त्या शुक्रवारीच आजोबांना झटका आला आणि वाचा गेली. तू गावाला गेलास तो परीक्षेलाही आला नाहीस. आम्ही दुसऱ्याच विषयावर फिल्म केली. मला चांगले गुण मिळाले. जूनमध्ये आजोबा गेल्याचं कळलं तेव्हा मी पुण्यात होते. दोन ओळींचा मेसेज लिहिला आणि तोही पाठवला नाही. सुरुवातीला वाटायचं, आता सांगून काय उपयोग. नंतर वाटायला लागलं, एवढ्या उशिरा कसं सांगू. असं करत नऊ वर्षं होत आली.

सोनमच्या प्रकारानंतर मी हत्तुरे सरांच्या घरी गेले. ते आता निवृत्त आहेत, नीट ऐकूही येत नाही. मला सगळं मोठ्यानं, जवळजवळ ओरडून सांगावं लागलं. त्यांच्या सूनबाईंनीही ऐकलं. सर एवढंच म्हणाले, "हे मला कशाला सांगतेस?" परवा वर्गातही सांगितलं, तुझं आणि माझं नाव घेऊन. आता तूच राहिला होतास, जो पहिला असायला हवा होता.

मी तुझी माफी मागते. ती द्यावीस असं काही नाही. उत्तर लिहावंस असंही नाही. तुझ्या आईंना माझा नमस्कार सांगावास की नाही, तेही तूच ठरव.

तुझी मैत्रीण असं लिहायचा हक्क न उरलेली,
रुपाली

* * *

मंगळवेढा
१९ नोव्हेंबर २०२५

रुपाली,

पत्र पोचलं. दहा दिवस गल्ल्यात ठेवून दिलं होतं. आम्ही सगळे ठीक आहोत. ज्वारी गुडघ्याच्या वर गेली, यंदा ओल चांगली आहे.

आधी तुला वाटतं ते काढून टाक. तुला वाटत असेल, शिवराजला मनातून माहीत असणार. नव्हतं. मला दोन्ही कार्डं दिल्याचं स्पष्ट आठवत होतं. पाऊचची चेन अर्धी तुटलेली होती, ती लावताना बोटाला टोचली, तेही आठवत होतं. पण तू म्हणालीस एकच दिलं. तू खोटं बोलशील हे डोक्यातसुद्धा आलं नाही, म्हणून मी माझी आठवण खोटी धरली. मग वाटायला लागलं, आपल्याला न घडलेलंही आठवतं. आपला भरवसा नाही.

माझी बायको रेश्मा माझ्यासोबत शूटिंगला येते. लोकांना वाटतं, हौस आहे. हौस न्हाय. मला कार्ड बदलायचं असलं की ती शेजारी लागते. ती कार्ड हातात घेऊन बघते आणि "व्हय, रिकामं हाय" म्हणते, तेव्हा मी बटण दाबतो. भर मांडवात, अक्षता पडायच्या वेळी मी तिला हाका मारतो. वरातीतली पोरं हसतात. लग्न झाल्यापासून सहा वर्षं ती हे करते आणि तिनं एकदाही का म्हणून विचारलं नाही. तुझं पत्र तिनं वाचलं. भांडी घासायला म्हणून आत गेली आणि बराच वेळ नळाचाच आवाज येत राहिला.

मी कोर्स का सोडला ते तुला वाटतं तसं नाही. आबा खाटेवर पडून होते, बोलता येत नव्हतं, पण मला बघितलं की हातानं मशीन फिरवल्यासारखं करायचे. फिल्म दाखव म्हणून. मी म्हणायचो, आणतो आबा, पुढच्या आठवड्यात आणतो. जाईपर्यंत मी त्यांना हेच सांगत होतो. असं खोटं बोलून परत वर्गात बसणं जमलं नाही.

मला लई राग आला आहे. तुला गुण मिळाले, नोकरी लागली, त्याचा नाही. तू एक वाक्य बोललीस आणि मी नऊ वर्षं स्वतःकडं संशयानं बघितलं, त्याचा आहे. हा राग आता कुठं सुरू झालाय. किती दिवस राहील सांगता येत नाही. तू सोलापूरहून इकडं यायचं मनात आणू नको, अजून नको.

पण एक काम पडलंय, म्हणून लिहितोय.

परवा आईला पत्र वाचून दाखवलं. तिला आजवर आबांचं शूटिंग माझ्याच हातनं गेलं असं माहीत होतं. मीच सांगितलं होतं. तिनं कधी शब्द काढला नाही, फक्त मी कॅमेरा घेऊन घराबाहेर पडताना ती आत जायची. तुझं वाचताना मला वाटलं, ती तुला शिव्या घालेल. कार्डाचं सगळं गप ऐकलं. पण मशिनीकडं तोंड करून बसलेल्या पोरीचं आलं, तेव्हा म्हणाली, "थांब. परत वाच." तिला हे माहीतच नव्हतं. तिच्या आईबापानं तिला कधी सांगितलं नव्हतं. तीनदा वाचून घेतलं. मग म्हणाली, "त्या पोरीला इचार, आबा ह्ये सांगताना हसला का रडला?"

मी म्हटलं, आई, मी तितंच होतो की, हसले. ती म्हणाली, "तू फोकस बगत हुतास. तिला इचार."

मला तर हसलेलेच आठवतात. पण माझ्या आठवणीवर मी किती विसंबायचं ते तूच बिघडवून ठेवलंस, तेव्हा आता तूच सांग. तू समोर बसली होतीस. चांगलं वाटावं म्हणून काही लिहू नको. जे बघितलंस तेवढंच लिही आणि आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही.

पत्रावर माझं नाव टाकू नको. आईचं टाक, सौ. विजयमाला. वाट ती बघते आहे.

शिवराज